सिंगलस्पीड, म्हणजे एकाच गियरच्या सायकलवर अमेरिकेतल्या लेडव्हिलची 100 मैलांची एमटीबी (डोंगरी सायकलींची) शर्यत वेळेत पूर्ण होते का? गियर रेशो (पुढच्या-मागच्या चक्रांच्या दातांचं प्रमाण) काय ठेवावा?

होते. मी केली आहे. आणि ‘हे म्हणजे हौसेनं अंगावर घेतलेलं दुखणं’ हे माझ्या साडूंकडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न बघून राहवलं नाही.

आधी हिशेब. 29 इंची चाक, पुढे 32 दात, मागे 19. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल चार मीटरला थोडी कमी सरकते. मिनिटाला 90 फेरे धरले तर ताशी 21 किलोमीटर होतात. 12 तासांची मुदत गाठायला सरासरी 14 पुरते. म्हणजे कागदावर भरपूर सवड आहे.

पण कागदाला धाप लागत नाही. गावच 10,200 फुटांवर, आणि वाटेतल्या कोलंबाइन चढाचा माथा साडेबारा हजारांच्या आसपास, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. वरच्या टप्प्यात सुटे धोंडे आहेत. तिथे गियरवालेही मुकाट रांगेत सायकल ढकलतात, शेजारून परतणारे सुसाट खाली येत असतात.

सिंगलस्पीडवाल्याचा खरा जीव जातो तो सपाटीवर. पाइपलाइन नावाचा थांबा सोडून पुढच्या ट्विन लेक्सकडे जाताना माझे पाय गरगर फिरत होते आणि सायकल ताशी अठ्ठावीसच्या पुढे हलायला तयार नव्हती. तेवढ्यात मागून दहा-बाराजणांचा घोळका आला, एकमेकांच्या आडोशाने, निवांत. शेपटाला, गियरच्या सायकलवर, आमचे साडू. जाता जाता म्हणाले, “काय राव, नुसतेच पाय फिरतायत की पुढेपण जाताय?”

परतीच्या वाटेवर, 80 मैलांच्या सुमारास, पॉवरलाइन लागते. विजेच्या तारांखालून सरळ वर गेलेला चढ, सुरुवातीलाच 20 टक्क्यांहून जास्त. पुढे बघतो तर साडूसाहेब पायी. मागच्या चाकाला खास चढासाठी 51 दातांचं ताटाएवढं चक्र, आणि सायकल हातात! कार्बनच्या तळव्याचे महागडे बूट पावलोपावली घसरत होते. माझे रबरी तळव्याचे, साधे. मी चालत चालतच त्यांना मागे टाकलं. काही बोललो नाही. फारसं बोललो नाही.

पुढे टर्क्वॉइज लेकजवळच्या डांबरी रस्त्यावर त्यांनी मला परत गाठलं आणि माझ्या आधी पोचले, हे खरं आहे. दर दिवाळीला ते याचं श्रेय गियरना देतात. मी म्हणतो, सपाटीवरच्या त्या फुकटच्या आडोशाला द्या. दोघेही 12 तासांच्या आत, दोघांनाही तेच बक्कल, शर्यत वेळेत संपवणाऱ्याला मिळणारं पट्ट्याचं. मोठं बक्कल नऊ तासांच्या आत येणाऱ्यांना देतात, ते त्यांच्या 12 गियरांनीही मिळवून दिलेलं नाही.

आणि यात शौर्यबिर्य काही नाही. आमच्या साताऱ्यात दूधवाला मागे दोन किटल्या लावून अशाच सायकलवर रोज यायचा. चढ आला की उतरायचा, हातात धरून चालायचा, वर गेला की पुन्हा टांग टाकायचा. सिंगलस्पीडची सगळी रणनीती एवढीच आहे. इथे तिच्यासाठी लोक कोच लावतात.

रेशोचं म्हणाल तर 32 ला 20 लावून सुरुवात करा. 19 झेपतो का, ते तुमच्याकडच्या सगळ्यात नतद्रष्ट चढावर ठरवा, पण चार तास चालवून झाल्यावर. ताज्या पायांचं ऐकू नका. बुटांवर मात्र पैसे खर्च करा, चालायचं पुष्कळ आहे.

हो, गुडघे आधीच कुरकुरत असतील तर वरचं सगळं विसरा. उभं राहून कमी फेऱ्यांत जोर लावणं त्यांना परवडणार नाही. पुण्याहून थेट येणार असाल तर दोन-तीन आठवडे आधी या, विरळ हवेचा त्रास गियर बघून होत नाही. आणि एवढं वाचूनही गियरचीच घेतलीत, तर मला कळवू नका. साडूंना कळवा, त्यांची दिवाळी होईल.