एक डोळा झाकून बघायला सांग

प्रिय मुली,

परवाच्या शिबिरात त्या आजींना तू मोतीबिंदूच्या रांगेत बसवलंस. त्या काय म्हणाल्या होत्या, आठवतं? ‘समोरच्या बाईचं लुगडं दिसतं, तोंड दिसत नाही.’ मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं. मधलंच तेवढं पुसलं जात असेल, तर बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, बघायचाच. पडद्याच्या ऐन मध्यावरचा भाग म्हणजे मॅक्युला, जेमतेम 5 मिलिमीटरचा. अक्षरं, चेहरे, सुईचं नेढं, सगळं त्याच्याच भरवशावर. वयानुसार होणारा मॅक्युलाचा ऱ्हास तो हाच. तिथे ड्रुसेनचे पिवळसर ठिपके साचतात, पेशी झिजतात. हा त्याचा कोरडा प्रकार, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारा. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, पाणी आणि रक्त पाझरतं. मग काही आठवड्यांतही मधली नजर जाते; हे पाझरणं रोखायला डोळ्यात इंजेक्शनं देतात.

माझ्या आईचं हेच झालं. ती रोज पेपर वाचायची, म्हणून मी निर्धास्त. डाव्या डोळ्यावर ती सगळं निभावत होती. एकदा त्यात कचरा गेला म्हणून तो मिटला आणि म्हणाली, ‘अगं, दाराची चौकट वाकडी कशी? आणि मधे हा डाग कसला?’ उजव्या डोळ्यात तोवर वण धरला होता. वणापुढे इंजेक्शनाचं काही चालत नाही.

म्हणून पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाला एकेक डोळा झाकून बघायला सांग. ॲम्सलरचा चौकटींचा कागद नसला तरी भिंतीवर कॅलेंडर असतंच. वाचायचा चष्मा लावून मधल्या तारखेवर नजर ठेवायची. रेघ वाकली, चौकट गायब झाली, तर लगेच पडद्याच्या डॉक्टरकडे. डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की माणसं हबकतात. आधी भूल देतात, टोचणं काही सेकंदांचं असतं, हे सांग. एकाने भागत नाही हेही आधीच सांग, नाहीतर दोन-तीन झाली की येणं बंद होतं.

विडी-सिगारेट सोडायलाच लाव. पालेभाज्या, मासे चांगलेच. ल्युटीन-झिंकच्या गोळ्या मात्र सरसकट लिहू नकोस; त्या मध्यम टप्प्यातल्या रुग्णाचा पुढचा टप्पा लांबवतात, आजार थोपवत नाहीत. बीटा-कॅरोटीन असलेल्या तर धूम्रपान करणाऱ्यांना नकोतच, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

अजून एक. नजर गेलेल्यांना कधी अंगणात नसलेली मुलं, फुलं दिसतात. घरात कुजबुज सुरू होते. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. तूच होऊन विचार, लाजेने कुणी सांगत नाही.

आजींचा पत्ता शिबिराच्या वहीत आहे. उद्याच जाऊन गाठ त्यांना.

तुझी,
मॅडम