आत्यांनी दिले साडेतीन लाख, मॅडमनी लावले ऐंशी हजार

पत्र थोडक्यात असं: वय ३४, हातात येणारा पगार ४८ हजार, घरात बायको आणि तीन वर्षांची मुलगी, महिन्याचा खर्च ३८-४० हजार. आत्यांनी नातीच्या शिक्षणासाठी म्हणून ३.५ लाख दिले. “त्यातले ८० हजार बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड प्लॅनमध्ये लावून दिलेत, पाच वर्षांनी कधीही काढता येतात, डबल मिळतात आणि टॅक्सपण वाचतो. राहिलेले २.७ लाख एफडीत ठेवू की म्युच्युअल फंडात? दहा वर्षांत १५ लाख व्हावेत एवढीच अपेक्षा आहे. आणि आत्यांनी दिलेल्या पैशावर टॅक्स लागेल का?”

एफडी की फंड ते नंतर बघू, त्याला घाई नाही. घाई त्या ८० हजारांची आहे. तो प्लॅन म्हणजे विम्याची पॉलिसी आहे. तुम्ही पुढे लिहिलंय की तिचं पीडीएफ गेल्या आठवड्यात मेलवर आलं पण पासवर्ड लागतो म्हणून उघडलं नाही. आज उघडा. पासवर्ड काय ते त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं, बहुतेक नाव आणि जन्मतारखेचं काहीतरी मिश्रण. पहिल्या एक-दोन पानांवर एक तक्ता असेल, त्यात दोन आकडे बघा, पॉलिसी टर्म आणि प्रीमियम पेमेंट टर्म. तुम्ही प्लॅनचं जे नाव दिलंय आणि मॅडमनी कागदावर जे लिहून दिलंय त्यावरून मला तिथे २० आणि १० दिसतील असं वाटतंय, म्हणजे दहा वर्षं दरवर्षी ८० हजार भरायचे आणि पैसे विसाव्या वर्षी. पाच वर्षांचा कुठे उल्लेख सापडला तर मला कळवा.

आता बघा काय झालंय ते. आत्यांचे पैसे एकदाच आले, हप्ता दहा वेळा जाणार. तुमची वर्षाची बचत सगळी मिळून लाखभर, त्यातले ८० हजार पुढची नऊ वर्षं आधीच खर्ची पडलेत, आणि तेही कोणी तुम्हाला तसं सांगितलेलं नाही. एखाद्या वर्षी नोकरीत गडबड झाली, हप्ता चुकला, की मग रडारड. पॉलिसी मधेच सोडली तर भरलेल्यातलं बरंच जातं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम जरा बरे झालेत, एका पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असेल तर वर्ष संपल्यावर काहीतरी परत मिळतं, पूर्वी पहिल्या वर्षाचं सगळंच पाण्यात जायचं. तरी “कधीही काढता येतात” याचा अर्थ हा नाही.

आणि ते डबल. भरणार ८ लाख, मिळणार १६ लाख, बरोबर, डबलच झाले. पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा, सरासरी धरली तर साडेपंधरा वर्षांत डबल. ७२ ला डबल व्हायच्या वर्षांनी भागलं की व्याजाचा अंदाज येतो, म्हणून साडेपंधराने भागा, वर्षाला साधारण साडेचार टक्के. याला गॅरंटीड म्हणून विकतात, आणि खरंच गॅरंटी आहे, कमी मिळण्याची. हेच ८०-८० हजार पीपीएफमध्ये दहा वर्षं टाकून नंतर नुसते पडू दिले (वर्षाला किमान ५०० भरायचे, १५ वर्षांनी मुदत वाढवायची) तर ७.१ टक्क्यांनी विसाव्या वर्षी साडेतेवीस लाखांच्या आसपास जातात. पीपीएफचा दर बदलू शकतो हे मान्य, पण साडेसात लाखांचा फरक आहे हो.

टॅक्स वाचतो म्हणे. तुमचा पगार वर्षाला सहा लाखांच्या घरात, नवीन रिजीममध्ये २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, आणि तिथे ८०सी (विमा, पीपीएफ वगैरेवरची टॅक्सची सवलत) नाहीच. जो टॅक्स तुम्ही भरतच नाही तो मॅडम कुठून वाचवणार?

तर काय करायचं. पॉलिसीचे कागद हातात किंवा मेलवर आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक असतो, त्यात पॉलिसी परत करता येते. तुमचे अजून तीन आठवडे आहेत. विमा कंपनीला लेखी मेल करा, कंपनीला, बँकेला नाही. विषयात फ्री लुक कॅन्सलेशन, आत पॉलिसी नंबर, कारण एका ओळीत (“मला ५ वर्षांची सांगून २० वर्षांची दिली”), सोबत कॅन्सल चेक. कंपनीच्या शाखेत एक प्रत देऊन पोच घ्या. थोड्या दिवसांच्या विम्याचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि मेडिकल झालं असेल तर त्याचे पैसे कापून बाकी परत येतात. हे कळलं की मॅडमचा फोन येईल, “सर एकदा भेटायला या ना, मी समजावते”. जाऊ नका. भेटण्यात, फोनवर “बघतो” म्हणण्यात हे ३० दिवस संपतात आणि त्यांना तेवढंच हवं असतं. कंपनीने टोलवाटोलवी केली तर आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे, मग बीमा भरोसा पोर्टल (विमा नियामकाची तक्रारीची वेबसाइट), शेवटी विमा लोकपाल.

पॉलिसीत विमा आहे ना, असं म्हणाल. हप्त्याच्या दहापट धरा, ८ लाख. तुमच्या घराचा पावणेदोन वर्षांचा खर्च. मुलगी तीन वर्षांची आहे, एकटे कमावणारे तुम्ही, आणि टर्म इन्शुरन्स (तुम्हाला काही झालं तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) नाही! एक कोटीचा टर्म तुमच्या वयाला, सिगरेट वगैरे नसेल तर, वर्षाला साधारण बारा-पंधरा हजारांत येतो. शेवटी काही परत मिळत नाही, मिळायलाही नको. तुमच्या ऑफिसचं ३ लाखांचं मेडिक्लेम नोकरीबरोबर जातं, म्हणून घरातल्या तिघांचा एक स्वतःचा फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच मेडिक्लेम) पण घ्या.

आता तुमचा प्रश्न. २.७ चे दहा वर्षांत १५ लाख म्हणजे साडेपाच पट, वर्षाला साडेअठरा टक्के, न चुकता. एफडीत पाच लाख होतील, फंडात बारा टक्के मिळाले तर साडेआठ, आणि ते मिळतीलच असं नाही. बरं दहाच वर्षं का? मुलगी तेव्हा तेराची असेल, आठवीत, कॉलेजची फी तेव्हा कोण मागणार? तुमच्याकडे पंधरा वर्षं आहेत, ती वापरा.

पॉलिसीचे पैसे आले की ३.५ लाख धरून १.८ लाख साध्या एफडीत, ते अडीअडचणीसाठी, त्याला हात लावायचा नाही. टर्म आणि मेडिक्लेमचे पहिले हप्ते उरलेल्या १.७ लाखांतून. राहतात सव्वा लाख, त्यातले निम्मे सुकन्या समृद्धीत (सध्या ८.२ टक्के, अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात), निम्मे एका साध्या इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) डायरेक्ट प्लॅनमध्ये. बँकेतून घेऊ नका, रेग्युलर देतील, म्हणजे कमिशनवाला. आणि तो ८० हजारांचा हप्ता वाचला ना, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार, त्यातून दरवर्षीचे विम्याचे हप्ते भरून उरतील ते याच दोन ठिकाणी.

आत्यांनी दिलेल्या पैशावर तुम्हाला टॅक्स नाही, वडिलांची बहीण नातेवाइकांच्या यादीत येते. पैसे बँकेतूनच आलेत ते चांगलं झालं, दोन ओळींचं गिफ्टचं पत्र त्यांची सही घेऊन ठेवून द्या.