वाचकांचे प्रश्न : वादळ आणि घरातली वडीलधारी माणसं

प्रश्न : आमचं घर पत्र्याचं आहे. आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेत, वॉकरवर चालते. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की पत्रे वाजायला लागतात आणि ती घाबरून दारात येऊन बसते. पत्र्यांवर दगड ठेवलेत. आणखी काय करावं?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : आधी ते दगड खाली उतरवा. वारा उघड्या दारातून आत शिरतो आणि पत्र्याला खालून रेटतो, वरून जाणारा वारा त्याला ओढून घेतो. त्यात पहिली उचलते ती कडेची ओळ, आणि कड उचलली की दगड घरंगळतो. तो कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. पत्रा धरून ठेवतो तो हुक. एप्रिलमध्येच फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून गंजलेले जे-हुक आणि कडक झालेले वॉशर बदलून घ्या. भिंतीबाहेर आलेल्या कडेला हुक जवळजवळ हवेत. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायला सांगा. खोलगट भागात पाडलं तर पाणी तिथूनच गळतं.

वारा सुटल्यावर वाऱ्याच्या बाजूचं दार-खिडकी बंद आणि आई दारापासून लांब. घरात किंवा शेजारी स्लॅबची खोली असेल तर तिथे न्या, पण वारा आल्यावर नव्हे, पहिला गडगडाट ऐकू आल्यावर. एकदा घड्याळ लावून तिला वॉकरवर तिथपर्यंत चालवून बघा. दहा मिनिटं लागत असतील तर तेवढा वेळ आधी निघायला हवं, हा साधा हिशेब ऐन वेळी कुणाला सुचत नाही. मोबाइलवर ‘दामिनी’ अॅप घ्या, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

आणि एक. खांबावरून येणारी वायर पत्र्याला घासत असेल तर वादळानंतर अख्खं छत करंट मारू शकतं. वायर तुटलेली किंवा टेकलेली दिसली तर पत्र्याला, लोखंडी दाराला हात न लावता १९१२ वर महावितरणला कळवा.

प्रश्न : वडिलांना (वय ८१) ऑक्सिजनचं मशीन दोन लिटरवर लावलेलं असतं, शिवाय रोज इन्सुलिन. वादळात लाइट सात-आठ तास जाते. इन्व्हर्टर आहे. पुरेल का?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पुरणार नाही. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. १५० एएचच्या नव्या बॅटरीतून प्रत्यक्षात बाराशे वॅट-तास हाती लागतात, म्हणजे जेमतेम साडेतीन तास. तेही पंखे-टीव्ही बंद ठेवून. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर यातलेही बरेच वजा करा. म्हणून घरात ऑक्सिजनचा एक बी-टाइप सिलिंडर भरून ठेवा. त्यात सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास होतात, तुम्ही दहाच धरा. सिलिंडर घरी असतो पण रेग्युलेटर बसवायचा पाना सापडत नाही, हे नेहमीचं. पाना सुतळीने सिलिंडरच्या मानेलाच बांधून टाका. त्या खोलीत मेणबत्ती, समई, उदबत्ती काही नको. बॅटरीचा एलईडी बल्ब मिळतो तो होल्डरमध्ये लावून ठेवा, लाइट गेली तरी तो जळत राहतो. म्हातारी माणसं वादळात पडतात ती बहुधा अंधारात, संडासाच्या वाटेवर.

इन्सुलिनचं म्हणाल तर न उघडता ठेवलेला फ्रिज चार तास थंड राहतो. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत असेल तर बहुतेक इन्सुलिन चार आठवडे टिकतं, पण मे महिन्यात सोलापूरची खोली तीस अंशांवर असते कुठे? मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डबीत घातलेलं पेन, वर ओलं फडकं. हे सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

पाणी साठवायला सोलापूरकराला शिकवायला नको. फक्त लक्षात ठेवा, शहराचं पाणी जिथून येतं त्या उजनी-टाकळीकडची वीज गेली की पंप थांबतात आणि पाण्याचा दिवस पुढे जातो. वादळी हवा असेल तेव्हा वडिलांचं पिण्याचं पाणी दोन दिवसांचं जास्त धरा. खायला कडक भाकरी उत्तमच, पण कवळी नसेल तर ताकात भिजवून. शेंगाचटणी बीपीवाल्यांना बेताने.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीचे. ऑगस्ट ते डिसेंबर मुलीकडे फ्लोरिडात, टॅम्पाला जातोय. तिथे हरिकेन येतात म्हणे. काय न्यावं?
– वाचक, होटगी रोड

उत्तर : हरिकेन म्हणजे तिकडचं चक्रीवादळ. अटलांटिकमधला त्यांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात सप्टेंबर सगळ्यांत जोराचा. म्हणजे तुम्ही ऐन हंगामात तिथे असणार. २०२४ मध्ये त्या भागाला दोन आठवड्यांत हेलीन आणि मिल्टन असे दोन तडाखे बसले.

औषधं इथूनच न्या, किती नेता येतात ते आधी विचारून घ्या, कारण इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही. चिठ्ठीवर ब्रँड नको, मूळ औषधाचं नाव लिहून घ्या. पॅरासिटामॉललाही तिथे असिटामिनोफेन म्हणतात. जादा चष्मा आणि कानाच्या मशीनचे सेल विसरू नका.

गेल्या-गेल्या मुलीला दोन गोष्टी विचारा : घर कुठल्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये, म्हणजे वादळात रिकामं करायच्या पट्ट्यात, आहे (ए सगळ्यांत धोक्याचा) आणि निघायचं ठरलं तर जायचं कुठे. ‘वॉच’ म्हणजे वादळ येऊ शकतं, ही सूचना साधारण ४८ तास आधी येते. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ येणार असं दिसतंय, ती ३६ तास आधी. तुमच्या वयाला वॉचलाच बॅग भरलेली हवी. नंतर रस्ते तुंबतात आणि गाडीत सहा तास बसणं गुडघ्यांना आणि लघवीला दोन्हीला जड जातं. समुद्राचं पाणी चढतं तिथे घर कितीही पक्कं असलं तरी थांबायचं नाही. पिण्याला-वापराला माणशी रोज चार लिटर पाणी धरा. मधेच वारा एकदम पडला तर तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग असू शकतो, वारा पुन्हा सुटतो. पाय मोकळे करायला बाहेर जाऊ नका. जनरेटर असेल तर घराबाहेर, दारा-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब, त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वारा ओसरल्यावर उकाडा सांभाळा. २०१७ च्या इर्मा वादळात फ्लोरिडातल्याच हॉलिवूड हिल्स इथल्या वृद्धाश्रमाचा एसी बंद पडला आणि १२ जण दगावले. मुलीच्या घरी एसी बंद पडला तर शेजारपाजारी किंवा शेल्टरमध्ये जायला संकोच करू नका.

प्रश्न : आमचं गाव सीनेच्या काठी. आजोबा म्हणतात, ‘सोलापुरात कुठलं आलंय चक्रीवादळ?’ घर सोडायला तयार होत नाहीत. चालताही येत नाही.
– वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : आजोबांना १४ ऑक्टोबर २०२० ची आठवण द्या. बंगालच्या उपसागरातलं वादळी क्षेत्र आदल्या दिवशी काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं आणि त्याचा पाऊस इथे कोसळला. पंढरपुरात घाटाची भिंत पडून सहा माणसं गेली. वारा तिकडेच विरतो, पाणी मात्र इथवर येतं. सप्टेंबर २०२५ चा सीनेचा पूर तर त्यांनी स्वतः पाहिला असेल.

म्हाताऱ्या माणसाचा जीव बहुधा घरात अडकत नाही, कागदात आणि जनावरात अडकतो. सातबारा, पासबुक, आधार, औषधाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याच हातात द्या. गुरं आधी उंचावर हलवा, मग ते येतील. उचलताना काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवा, छातीभोवती उपरणं बांधा, एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने पुढचे पाय. हे दिवसाउजेडी, पाणी रस्त्यावर यायच्या आत. रस्त्यावर पाणी आलंच असेल तर खुर्ची खाली ठेवा आणि ११२ लावा.