पंप बदलायचा, की गाडी विकायची?

प्रश्न: माझी तेरा वर्षांची डिझेल गाडी माणसं-सामान भरून चढाला लागली की दम सोडते. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि कितीही रेस दिली तरी गाडी उचलत नाही. बंद करून पुन्हा सुरू केली की काही काळ ठीक चालते. स्कॅनरवर दर वेळी पी ००८७ हाच कोड येतो. आतापर्यंत डिझेल फिल्टर, रेलचा प्रेशर सेन्सर आणि एक इंजेक्टर बदलून झाला. आता मेकॅनिक म्हणतो, चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप बदला. त्यासाठी मुदत ठेव मोडू, की गाडी आहे तशी विकून कर्जावर नवी घेऊ?

उत्तर: आत्ता दोन्ही नको. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तीन भाग बदलल्याचं आहे, पण एकाही तपासणीचा आकडा नाही. मोठा खर्च ज्या माहितीवर ठरवायचा, तीच अजून हातात नाही.

हाय प्रेशर पंप डिझेल दाबून रेल नावाच्या सामायिक नळीत भरतो, आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरांत फवारतात. पी ००८७ म्हणजे या रेलमधला डिझेलचा दाब गाडीच्या कॉम्प्युटरने मागितला त्यापेक्षा कमी पडला. कशामुळे कमी पडला, हे कोड सांगत नाही. इंजिन चालू ठेवून गाडी नुसती उभी असताना रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार (बार हे दाबाचं एकक) पुरतात. पूर्ण भाराला जुन्या कॉमन रेल इंजिनालाही १३५० ते १६०० बार लागतात. त्यामुळे कुठे थोडी गळती असली, तर उभ्या गाडीत पंप ती भरून काढतो आणि चढाला उघडा पडतो. गॅरेजमध्ये सगळं ठाकठीक दिसतं, ते यामुळेच.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे जायला हवी. आधी टाकीकडून पंपाकडे येणारी बाजू. फिल्टरनंतर थोडी पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवायचं. बुडबुड्यांची सलग रांग दिसली, तर कुठल्यातरी सैल क्लिपमधून किंवा तडकलेल्या नळीतून हवा आत येते आहे, आणि तो खर्च किरकोळ असतो. मग रिटर्नची चाचणी: प्रत्येक इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला एकेक बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवतात. तीन बाटल्या बोटभर आणि चौथी गळ्यापर्यंत भरली, तर दाब कुठे जातोय ते समोरच दिसतं. त्यानंतर भरलेली गाडी चढावर नेऊन स्कॅनरवर मागितलेला आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी पाहायचा. पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह आणि रेलमधला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह यांची शंका फिटल्यावरच पंपाला दोष द्यावा. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या; चालू इंजिनात हाय प्रेशर पाइप सैल करू देऊ नका, त्या दाबाची चिळकांडी कातडीतून आत शिरते.

आता पैशाकडे. मागचे तीन खर्च हिशेबातून काढून टाका. 'एवढे घातलेच आहेत, तर आता पंपही टाकू' या वाक्यानेच जुन्या गाड्या माणसाला कर्जात नेतात.

नीट चालणाऱ्या तुमच्या गाडीची किंमत १०० धरा. दोषासकट विकली तर ५५ येतील आणि सुचवलेल्या दुरुस्तीला ४० लागतील, असं समजू. हे आकडे फक्त उदाहरणाचे. तुमचे तुम्ही घाला. वरवर पाहता ४० घालून ४५ वाढतात, म्हणजे सौदा बरा वाटतो. पण दुरुस्तीने दोष जाण्याची शक्यता ६० टक्केच असेल तर? मग सरासरीने हाती ८२ ची गाडी आणि त्यातून गेलेले ४०, म्हणजे उरले ४२. आहे तशी विकली असती तर ५५ आले असते. या आकड्यांत दुरुस्ती परवडण्यासाठी मेकॅनिकची खात्री ८९ टक्क्यांच्या वर हवी. तुमच्या मेकॅनिकचे आधीचे तीन अंदाज चुकले आहेत, तेव्हा तेवढी खात्री मी तरी धरणार नाही. तपासणीला ४ लागले तरी ते द्या, आणि दुरुस्तीच्या बिलापासून वेगळे द्या. 'आमच्याकडे काम केलंत तर तपासणी फुकट' हे मला आवडत नाही. मग निदान भाग विकण्याकडे झुकतं.

तुम्ही गाडी आणखी काही वर्षं वापरणार असाल, तर दुरुस्तीच्या बाजूला वजन वाढतं, कारण तेवढे महिने नव्या कर्जाचा हप्ता, वाढीव विमा आणि नव्या गाडीच्या किमतीतली पहिल्या वर्षांतली मोठी घसरण टळते. पण त्याआधी कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, तपासून घ्या. सिलिंडरांमध्ये मोठा फरक असेल, तर नवे इंजेक्टर बसवूनही जुनं इंजिन तरुण होणार नाही.

एका गोष्टीवर मात्र मी थेट 'विका' म्हणेन. जुना फिल्टर कापून पाहायला सांगा. आतल्या कागदाच्या घडीत चंदेरी चमकणारी भुकटी दिसली, तर पंप आतून झिजतोय आणि त्याचं धातूचं चूर्ण इंजेक्टरपर्यंत पोहोचलं असण्याचा संभव मोठा. मग नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, पाइप, इंजेक्टर, टाकीची सफाई असं सगळं ओघाने येतं. अशा वेळी दोष सांगून, तपासणीचा कागद हातात देऊन विका. कोड पुसून विकण्याचा सल्ला कुणी देईलच. तो फसवणुकीचा आहे, आणि सावध गिऱ्हाईक चढावर गाडी चालवून बघतंच.

ठेवीबद्दल: ती तुमची आणीबाणीची पुंजी असेल, तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला राहील एवढाच भाग मोकळा समजा. दुरुस्ती ठरलीच आणि रक्कम त्या भागाबाहेर गेली, तर ठेव मोडण्याआधी बँकेत ठेवीवरच्या कर्जाचा दर विचारा. मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील, तर मोडण्याचा दंड त्या कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त बसू शकतो. दोन्ही आकडे लेखी घ्या, आणि तपासणीचा अहवाल हाती आल्यावरच सही करा.