फेझला उतरतच चला

प्रश्न : यजमान निवृत्त झाले म्हणून आम्ही मोरोक्कोला निघालोय. फेझसाठी एकच दिवस आहे, शुक्रवारचा. जुन्या शहरात गाडी जात नाही म्हणे, आणि यजमानांना जोतिबाच्या पायऱ्यांवरसुद्धा दम लागतो. तरी कातड्याचे हौद बघायचेच, असा त्यांचा हट्ट आहे. पायी जमेल का? गाईड घ्यावा का? आम्ही शाकाहारी आहोत.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, जमेल, पण उतरतच चला. फेझचं जुनं शहर खोलगट जागी वसलंय. पश्चिमेला बाब बू जलूद ही वेस आहे, बाहेरून निळी, आतून हिरवी. लाल टॅक्सी तिथंवर सोडते. तिथून तलआ कबीरा ही गल्ली खाली उतरत जाते. तळाशी रसीफ चौकात पुन्हा टॅक्सी मिळते. लोक हौसेनं उतरतात आणि भर दुपारी तोच चढ चढून माघारी येतात. तेवढं टाळा.

शुक्रवार मात्र बदलता आला तर बघा. त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात, उरलेली दुपारच्या नमाजाला बंद होतात. नाहीच जमलं तर सकाळी लवकर निघा आणि हौद दुपारच्या आत उरका.

वेशीजवळचा बू इनानिया मदरसा चुकवू नका. चौदाव्या शतकातला आहे. खाली रंगीत फरशीकाम, मधे चुन्यातलं कोरीव काम, वर देवदाराचं लाकूड. पुढं करावीयीन मशीद आणि विद्यापीठ लागतं. 859 साली फातिमा अल-फिहरी या बाईंनी ते उभारलं, अशी परंपरा सांगते. मशिदीत आपल्याला प्रवेश नाही, दारातूनच अंगण बघायचं. शेजारच्या सफ्फारीन चौकात तांब्याची भांडी ठोकत बसलेले कारागीर असतात. तिथं चहा घेत यजमानांना बसवा.

आता हौद. आमचं दुकान चप्पल लाइनला, त्यामुळं शुआराला, म्हणजे कातडं कमावायच्या हौदांच्या जागी, मी जरा जास्तच रेंगाळलो. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतराची विष्ठा. तिच्यातल्या अमोनियानं कातडं मऊ पडतं. मग रंगाच्या हौदांत माणसं मांडीपर्यंत उतरून ते तुडवतात. आपल्याकडं चुन्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा येतो, त्याला असा दर्प नाही. बघायचं ते भोवतीच्या दुकानांच्या गच्च्यांवरून. दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो, ती नाकाशी धरा. गच्ची दाखवली की तो माल दाखवणारच. पिवळ्या बाबूश, म्हणजे तिथल्या चामडी सपाता, घ्यायच्या तर तळ वाकवून शिलाई बघा, नुसत्या चिकटवलेल्या घेऊ नका. सांगेल त्याच्या निम्म्यापासून बोला. काही न घेता निघायचं तर थोडी बक्षिसी द्या.

गाईड घ्याच, पण हॉटेलमार्फत, परवानाधारक. गल्ल्या हजारोंनी आहेत आणि तिथं मोबाइलचा नकाशा गोंधळतो. ‘रस्ता बंद आहे, इकडून चला’ म्हणत मागं लागणाऱ्या पोरांना हसून नाही म्हणा. ‘बालाक!’ अशी आरोळी आली की भिंतीला चिकटा, मागून लादलेलं खेचर येत असतं.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी बेसारा शोधा. सोललेल्या बाकल्याच्या दाण्यांचं घट्ट सूप असतं, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं, सोबत गोल पाव. हरिरा सुपात बहुधा मांस असतं, विचारून घ्या. आपल्या जिभेला सगळं सपकच लागणार, कांदा-लसूण चटणीची पुडी पर्समध्ये असू द्या.

आणि चप्पलवाला असून सांगतो, कोल्हापुरी घालून जाऊ नका. तिथला दगड घासून गुळगुळीत झालाय, चामड्याचा तळ घसरतो. रबरी तळाचे बूट घाला. तिथलं चलन दिरहम, ते इकडं सहसा मिळत नाहीत, युरो न्या आणि तिथल्या विमानतळावर बदला. सुटे जवळ ठेवा, टॅक्सीवाले मोठी नोट बघून तोंड वाकडं करतात.