पुस्तक कसं वाटलं, हे लिहिताना

जादूच्या जगातल्या प्रेमकादंबरीवर (रोमँटसीवर) पहिल्यांदाच अभिप्राय लिहिते आहेस म्हणून सांगते, कथानक सांगण्यात अर्धं पान घालवू नकोस, ते मलपृष्ठावर असतंच. 'मस्त, रडूच आलं' एवढ्यावरही थांबू नकोस. नेमकं कुठे? कालपर्यंत गळ्यावर सुरी धरणाऱ्याने तिची जखम बांधली तिथे, की तो न सांगता निघून गेला तिथे? वाचता वाचता समासात पेन्सिलीने खूण कर. पुस्तक मिटलं की सगळंच गोड वाटायला लागतं.

समज, नायक पाचशे वर्षांचा, नायिका एकोणीसची, वर 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणत तो तिला महालात कोंडतो. खटकलं तर बिनधास्त लिही. तरीही तो आवडला? तेही लिही. (माझं नेहमी हेच होतं.)

वयोगटाचं मात्र बघ. सारा जे. मास यांचं याच प्रकारातलं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये किशोरवयीनांसाठी म्हणून आलं आणि २०२० मध्ये नव्या मुखपृष्ठासह प्रौढांच्या कपाटात गेलं. म्हणून शृंगार कितपत मोकळा आहे, हे एका ओळीत सांगच. धाकट्या बहिणीसाठी पुस्तक शोधणारेही तुझं वाचणार आहेत. आणि शेवट फोडणार असशील, तर आधी तसं सांग.