रेसिडेन्सीची मुलाखत: तारीख कोणती घ्यावी?

प्रश्न: मी नागपुरात एमबीबीएसनंतरची इंटर्नशिप करत आहे. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज केला असून दोन ठिकाणांहून ऑनलाइन मुलाखतीचे बोलावणे आले आहे. ऑक्टोबरमधली तारीख घेतल्याने फायदा होतो की जानेवारीतली घेतल्यास परीक्षकांच्या लक्षात राहता येते?

उत्तर: महिन्याची चिंता आधी मनातून काढा. रुग्णालये उमेदवारांची आपली पसंतीयादी मुलाखतींचा हंगाम संपल्यावरच अंतिम करतात, त्यामुळे केवळ आधी मुलाखत दिली म्हणून जागा राखली जात नाही. सर्वांत हवी असलेली मुलाखत मात्र शक्यतो पहिली ठेवू नये, कारण पहिल्या एकदोन मुलाखतींत आपण पाठ केलेलेच बोलतो आणि समोरच्याचे ऐकणे राहून जाते. तरीही बोलावणे आल्यावर विचार करण्यात दिवस घालवू नका. चांगल्या तारखा फार लवकर भरतात.

तुमच्यासाठी खरी अडचण घड्याळाची आहे, आणि तिच्याकडे इंटर्न हमखास दुर्लक्ष करतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात. न्यूयॉर्कमधील सकाळी ८ ची मुलाखत ऑक्टोबरात आपल्याकडे सायंकाळी ५.३० ला सुरू होते, तीच त्या रविवारनंतर ६.३० ला, कॅलिफोर्नियात असेल तर थेट रात्री ९.३० ला. मुलाखतीचा कार्यक्रम अनेकदा तीनचार तास चालतो, म्हणजे नाइट ड्यूटीशी त्याची गाठ पडणारच. शिवाय आदल्या संध्याकाळी तिथल्या रेसिडेंट्सशी ऑनलाइन गप्पा ठेवलेल्या असतात. त्या न्यूयॉर्कच्या वेळेने ७ वाजता असल्या, तर हिवाळ्यात तुमच्याकडे पहाटेचे ५.३० झालेले असतील आणि त्याच दिवशी सायंकाळी मुलाखत असेल. म्हणून तारीख नक्की करण्यापूर्वी ड्यूटीचा तक्ता समोर घ्या, त्या दिवसाची आणि आदल्या रात्रीची ड्यूटी सहकाऱ्याशी आधीच बदलून घ्या. रात्रभर कॅज्युअल्टीत उभे राहून आलेल्या डॉक्टरचा चेहरा पडद्यावर लपत नाही, हे मी मनापासून सांगते.

एखादी मुलाखत नको असेल, तर निदान दोन आठवडे आधी कळवा. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू शकते. प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच रात्री दहा ओळी लिहून ठेवा: कोण बोलले, रेसिडेंट्स थकलेले वाटले का, व्हिसाबद्दल काय सांगितले. फेब्रुवारीत पसंतीक्रम लावताना ही टिपणे उघडा आणि जिथे खरोखर जायचे आहे तेच नाव सर्वांत वर लिहा, कारण अर्जदार आणि रुग्णालये यांच्या पसंतीयाद्यांची तिथली जुळवणी अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होते.